एका वेळी एकच शिवण

माझी सून कपडे शिवत नाही, ती बिघडलेले कपडे सुधारते. हा फरक तिने मला घरात आल्या आल्या चौथ्याच दिवशी समजावून सांगितला होता. "बाबा, नवं शिवणं सोपं. दुसऱ्याने बिघडवलेलं अंगाला बसवायचं, तिथे कस लागतो." बाजारातल्या एका जिन्याखाली तिचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक मशीन, एक इस्त्री आणि एक उंच आरसा. तिसरा माणूस आत यायचा तर पहिल्याने बाहेर पडायचं, एवढीच जागा.

एकदा मी दाराबाहेर स्टुलावर बसलेलो असताना एक जाडजूड साहेब कोट घेऊन आले. तीन शिंप्यांनी त्या कोटाचं पार वाटोळं केलेलं. सूनबाईने काखेखालची एक शिवण उसवली, टाचण्या लावल्या आणि साहेबांना म्हणाली, "घाला. चाला. बसा. उठा." मग पाठीची. परत घाला, चाला, बसा, उठा. साहेब घामाघूम झाले. म्हणाले, "अहो बाई, सगळ्या एकदम उसवा की! वेळ वाचेल."

"सगळ्या एकदम उसवल्या तर चूक कुठे होती ते कोट सांगणार नाही," सूनबाई म्हणाली. "आणि तुम्ही तर त्याहून नाही."

मी इतका हसलो की स्टुलावरून पडता पडता वाचलो. आमच्या गावच्या शाळेत चार वर्गांना मिळून एकच मास्तर होते आणि तेही उत्तर चुकलं की असंच करायचे. पाटी पुसू द्यायचे नाहीत. कुठल्या ओळीपासून गाडी घसरली ते आधी शोध, म्हणायचे. त्या कोटापासून मला ही सून आवडते ती आवडतेच.

आता नातीबद्दल सांगतो. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, वय सहा. ती बोलत नाही म्हटलं तरी चालेल. हवं ते आमचं बोट धरून दाखवते. डॉक्टरांनी तिसऱ्या वर्षीच सांगितलं होतं, ऑटिझम आहे आणि जोडीला अतिचंचलता. आमच्या भाषेत सांगायचं तर पोर एका जागी ठरतच नाही. जेवताना उठते, उभी राहते, पळते, पडद्यात गुंडाळून घेते, सुटते, परत पळते. दार उघडं दिसलं की बाणासारखी बाहेर. डॉक्टरांचं रात्रीच्या झोपेचं एक औषध चालू होतं, त्याने निदान झोप तरी लागायची.

मोठ्या मिनतवारीने तिला एका शाळेत घेतलं. अशाच मुलांसाठीची शाळा, वर्गात सात मुलं, दोन बाई. पण कायमचं नाही. सहा आठवडे बघू, म्हणाल्या मुख्य बाई. शाळेच्या फाटकासमोरच मोठा रस्ता आणि त्यावर दिवसभर ट्रक. पहिल्याच आठवड्यात भिंगरी फाटकाबाहेर गेली. रखवालदाराने रस्त्याच्या कडेला तिला धरलं. मुख्य बाईंनी सूनबाईला बोलावून घेतलं. "हे बघा, मला तुमच्या मुलीचा राग नाही, मला त्या ट्रकची भीती आहे. आणखी दोनदा असं झालं तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. यादीत तेरा मुलं थांबलीयत."

त्या दिवसापासून आमच्या घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.

माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या कुणीतरी त्याला एका उपचारवाल्याचा पत्ता दिला. हा माणूस पुड्या देतो म्हणून आम्ही घरात त्याला पुडीवालेच म्हणायचो. मोठा गोड माणूस. भिंगरीकडे बघून म्हणाला, "हिच्या आत उष्णता कोंडलीय. बाहेर काढू." आणि पाच गोष्टी एकदम सुरू करून दिल्या. सकाळ-संध्याकाळ एक एक कडू पुडी. गहू आणि दूध बंद. डोक्याला हिरवं तेल. मनगटात तांब्याचं कडं. शिवाय रोज वीस मिनिटं पिवळ्या दिव्याखाली बसायचं. आता, जी पोर वीस सेकंद बसत नाही तिला वीस मिनिटं दिव्याखाली कुणी बसवायचं, ते त्याने सांगितलं नाही.

"डॉक्टरांना विचारू या आधी," सूनबाई म्हणाली.

"डॉक्टर काय सांगणार? नाहीच म्हणणार," मुलगा म्हणाला. "तीन वर्षं त्यांचंच ऐकतोय ना आपण?"

सूनबाई उठून भांडी घासायला गेली. ती वाद सोडून उठली की मला जास्त काळजी वाटते.

पुडी देण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण सकाळी मुलगा साडेसहाला बाहेर पडतो आणि सूनबाईची डब्यांची गडबड. पहिल्या दिवशी भिंगरीने पुडी माझ्या चष्म्यावर थुंकली. दुसऱ्या दिवशी सदऱ्यावर. तिसऱ्या दिवशी मात्र तिने गपकन घेतली, आणि तिथून पुढे रोज. मुलगा खूश. "बाबांच्या हातून बरोबर घेते हं!" शेजारच्या काकू म्हणाल्या, आजोबांच्या हाताला गुण आहे. मी काय, फुगलो. नात आपल्या हातून औषध घेते म्हटल्यावर कोण फुगणार नाही?

पण भिंगरी बिघडली. म्हणजे आधी धावायची, ती आता उडायला लागली. शाळेत बाकावर चढून खिडकीच्या गजांना लोंबकळायची. दुपारी घरी आली की सोफा, टेबल, सोफा, टेबल, दोन दोन तास. डोळे लाल, हात थरथरते. आठव्या दिवशी ती परत फाटकाबाहेर गेली. या वेळी ट्रकला ब्रेक मारावा लागला. सूनबाईने दुकानात फोन घेतला तेव्हा तिच्या हातात सुई होती, ती तिच्या बोटात किती खोल गेली ते तिला घरी आल्यावर कळलं.

आता एकच संधी उरली होती.

मुलाने पुडीवाल्याला फोन लावला. फोन ठेवून म्हणाला, "ते म्हणतात घाबरू नका, उसळी आली म्हणजे औषध लागू पडलं. बरोबर आहे ना, लिफ्टसुद्धा सुरू होताना झटका देतेच."

"अहो, पण ती लिफ्ट कुठल्या तरी मजल्यावर थांबते," सूनबाई म्हणाली. "ही कुठे थांबणार? ट्रकखाली?"

"मग काय, सगळं बंद करू? आणि परत तिथेच येऊ?"

"सगळं एकदम चालू केलंत, आता सगळं एकदम बंद करू नका. एक एक करून काढू. नाहीतर कळणारच नाही कशाने काय झालं."

त्या संध्याकाळी तिने दुकानातून कमरपट्टीत घालतात त्या कापडाची एक लांब पट्टी आणली. रोज रात्री भिंगरी झोपली की त्यावर एक आडवा टाका. दिवस बरा गेला तर निळा, वाईट गेला तर लाल, अधलामधला पिवळा. आणि पोर पळाली असेल तर टाक्याच्या शेवटी गाठ. मागचे दिवसही आठवून आठवून घातले. पट्टी भिंतीवर टांगली. आमच्या घरात तापमान बघावं तशी आम्ही ती पट्टी बघायचो.

आधी दिवा बंद केला. चार दिवस. लाल, लाल, लाल, लाल. मग तेल बंद. लाल, पिवळा, लाल, लाल. मग कडं काढलं. लाल. मग गहू-दूध परत सुरू केलं. भिंगरीने पोळीचे तुकडे असे खाल्ले की बघून माझे डोळे भरून आले, पण पट्टी लालच. एकेकाला चार दिवस म्हणजे सोळा दिवस गेले. या सोळा दिवसांत शाळेच्या वेळात फोन वाजला की सूनबाई उचलण्याआधी भिंतीला हात टेकायची. शाळेच्या दोन बाईंपैकी एक आता फक्त भिंगरीचा हात धरून बसायची. असं किती दिवस बसणार?

शेवटी पुडी राहिली. ती बंद करायला मुलगा तयार नव्हता. दोघांचं दाराआड भांडण झालं. मी ऐकायचं नाही म्हणून खोकत बसलो, तरी ऐकू आलंच.

"चारच दिवस," ती म्हणत होती. "चार दिवसांनी निळं दिसलं नाही तर तुम्ही म्हणाल ते."

"नक्की? ते म्हणतात पुडी दुप्पट करायची आणि डॉक्टरांचं झोपेचं औषध थांबवायचं. मग ते करायचं."

मग ती म्हणाली, "हो."

पुडी बंद झाली. लाल. लाल. लाल, आणि चौथा दिवस लालच.

त्या संध्याकाळी सूनबाईचा चेहरा मला बघवत नव्हता. कोटाच्या सगळ्या शिवणी उसवून झाल्या होत्या आणि कोट तसाच वाकडा. मुलगा जिंकला होता, पण त्यालाही आनंद नव्हता. दुप्पट पुड्यांचं पाकीट टेबलावर ठेवून तो फक्त म्हणाला, "सोमवारपासून." त्या दिवशी गुरुवार होता. शाळेची मुदत पुढच्या बुधवारी संपत होती.

नेमकं शुक्रवारी पहाटे मला माझ्या जुन्या मित्राकडे जावं लागलं. हा निवृत्त पोस्टमन. त्याचं डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि सोबतीला कुणी नव्हतं. दोन दिवस राहिलो. त्याने मला पट्टी बांधलेल्या डोळ्याने पत्त्यांत तीनदा हरवलं, पण ती गोष्ट परत कधीतरी.

रविवारी सकाळी सातला घरी आलो. भिंगरी दारातच भेटली, माझं बोट धरून मला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेली. पोरीला आजोबा हवे होते! मी पाघळलो. थोड्या वेळाने मी अंघोळीला गेलो. बाहेर आलो तर घरात सूनबाईचा आवाज, असा की मी ओल्या अंगाने धावलो. दाराला कडी होती, पण दूधवाल्याने घंटी वाजवली म्हणून मुलाने ती काढली, आणि तेवढ्यात पोर निसटली होती. जिन्यावरून वर. चौथा मजला, पाचवा, गच्ची. गच्चीच्या दाराचं कुलूप पाण्याच्या टाकीवाल्याने उघडं ठेवलेलं.

माझ्या दुखऱ्या गुडघ्यांमुळे मी तिसऱ्या मजल्यापर्यंतच पोचलो. वरून काहीच आवाज येत नव्हता. तो काळ किती होता मला सांगता येणार नाही. मग पावलं वाजली. सूनबाई भिंगरीला कडेवर घेऊन उतरत होती. तिच्या कोपराचं कातडं कठड्याला घासून निघालं होतं. भिंगरीचे पाय तरीही सायकल चालवावी तसे हलत होते.

घरी आल्यावर ती रडली नाही. रात्रीची वाटही पाहिली नाही. पट्टी भिंतीवरून काढली, त्या दिवसाचा लाल टाका घातला, गाठ मारली. मग तशीच पट्टीकडे बघत राहिली. मी पाणी घेऊन गेलो तेव्हा दिसलं, लाल टाक्यांच्या त्या लांबच लांब ओळीत, त्या दिवसाच्या टाक्याआधी दोन निळे टाके होते. शुक्रवार आणि शनिवार.

"हे कधी झालं?" मी विचारलं. "मला कुणी सांगितलं नाही! दोन दिवस निळे?"

सूनबाईने माझ्याकडे वर बघितलं. मग परत पट्टीकडे. मग मुलाकडे.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही नव्हता ते दिवस निळे आहेत."

मुलगा उसळला. "काय बोलतेस तू? बाबांमुळे पोर बिघडते? अगं, बाबा तिच्यासाठी जीव टाकतात!"

"मी कुठे नाही म्हणते?"

एकच शिवण उसवायची राहिली होती आणि ती मी होतो. मी म्हणालो, "पोरी, तसं असेल तर मी गावी जाऊन राहतो. खरंच."

"थांबा हो बाबा. तुम्हाला कोण जा म्हणतंय?" ती माझ्यासमोर खाली बसली, गिऱ्हाइकाच्या पँटची घडी बघायला बसते तशी. "तुम्ही आणि ती, दोघं मिळून रोज काय काय करता ते मला सांगा. सकाळपासून. काही सोडू नका."

मी सांगायला लागलो. मला सांगायला आवडतंच. उठतो, तिचे दात घासतो, दोघं खिडकीतून कचऱ्याची गाडी बघतो, मग साडेसातला आमची कॉफी...

"आमची?" सूनबाई म्हणाली.

"हो म्हणजे, पुडी ती नुसती थुंकायची ना! तिसऱ्या दिवशी तिने माझ्या पेल्यातून ओढून कॉफी प्यायली, मग मी म्हटलं हे बरं आहे, त्यातच कालवू. कडू कडूत लपतं. पथ्यसुद्धा पाळलं हं मी! दूध बंद सांगितलं होतं म्हणून काळीच करायचो. चांगली कडक, तीन चमचे साखर. सकाळी एक पेला, दुपारी चारला एक."

"पण पुडी तर गेल्या सोमवारी बंद केली," मुलगा म्हणाला.

"पुडी बंद केली रे. कॉफी बंद करा असं कोण म्हणालं होतं? ती पेला घेऊन समोर उभी राहायची. आजसुद्धा..."

तिथे माझं मलाच ऐकू आलं आणि मी थांबलो. सहा वर्षांची पोर, तीही आधीच भिरभिरणारी, आणि मी तिला दिवसातून दोनदा पेला पेला काळी कॉफी पाजत होतो. माझ्या हाताला गुण आहे म्हणत फुगून पाजत होतो. अर्ध्या तासापूर्वी ती गच्चीच्या कठड्याशी होती.

मी हात जोडले. मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते, मला वाटलं रडतोय. रडत होता की हसत होता ते मी अजून विचारलेलं नाही. सूनबाईने मात्र माझे जोडलेले हात धरून खाली केले. "तुम्ही कपट केलं नाहीत, बाबा. आम्ही कुणी विचारलंच नाही कशातून देता ते. घेतेय ना, मग झालं."

मग मुलाचं सुरू झालं. "म्हणजे पुडीचा दोष नव्हताच! मग दुप्पट करून बघायला..."

"दोष नसेल. उपयोग तरी कुठे दिसला? आणि आत काय आहे ते?" सूनबाई म्हणाली. "आत्ता फोन करा आणि विचारा." त्याने केला. पुडीवाले बराच वेळ परंपरा, अनुभव, श्रद्धा असं बोलले, पण पुडीत काय आहे ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोघं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि भरपूर बोलणी खाऊन आले. इतके दिवस लपवलंत कसं, झोपेचं औषध मनाने बंद केलं असतंत तर पोरीचं काय झालं असतं माहीत आहे का, वगैरे. ते पाकीट डॉक्टरांनी तपासायला ठेवून घेतलं.

सोमवारी भिंगरी पेला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी पाणी दिलं. तिने पेला फेकला, माझ्या हाताला चावली, जमिनीवर लोळली. तो टाका पिवळा. मंगळवार निळा. पण म्हणून ती शांत झाली असं नाही हं. ती होती तशी झाली, म्हणजे आमची नेहमीची धावणारी भिंगरी. डोळे मात्र परत माणसाकडे बघायला लागले.

बुधवारी मुख्य बाईंसमोर आम्ही तिघं बसलो. त्यांनी कागद तयारच ठेवला होता. "दोनदा फाटकाबाहेर," त्या म्हणाल्या. "आणि मधले तीन आठवडे आमच्या एका बाई फक्त हिच्यासाठी. मला वाईट वाटतं, पण..."

सूनबाईने पट्टी टेबलावर उलगडली. लाल टाके कुठून सुरू झाले, कुठे थांबले, गाठी कुठे, सगळं दाखवलं. "घरात एक चूक होत होती, बाई. तिला न चालणारं काहीतरी पोटात जात होतं. चूक माझ्याकडून झाली. आता सापडलीय."

"काय जात होतं?"

"ते... माझंच लक्ष नव्हतं."

मला राहवेना. मी उभाच राहिलो. "अहो बाई, ही खोटं बोलतेय. कॉफी मी पाजली. काळी. तीन चमचे साखर घालून."

मुख्य बाईंनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. मग पट्टीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे तीन निळे टाके बघून मी तेरा मुलांच्या पालकांना काय सांगू?"

बाहेर ट्रक जात होते, काचा थरथरत होत्या.

"एक महिना," त्या शेवटी म्हणाल्या. "फक्त सकाळचे दोन तास. आणि घरचं कुणीतरी रोज वर्गाच्या दारात बसायचं. एक दिवस जरी खाडा झाला तर..."

"मी बसेन," सूनबाई म्हणाली. दुकानाचं काय, गिऱ्हाइकांचं काय, काही विचार केला नाही. मुलगा म्हणाला, "अगं पण..." तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

आज तीन आठवडे झाले. सूनबाई सकाळी वर्गाच्या उंबऱ्याशी एका बुटक्या बाकावर बसून हाताची तुरपाई करते. मशीन दुपारनंतर चालतं. मी दुकानात बसून गिऱ्हाइकांना "बाई एक वाजता येतील" सांगतो आणि सोबत दोन गोष्टीही सांगतो, त्यामुळे काही जण परत येतात आणि काही जण मुद्दाम एकनंतरच येतात. भिंगरी दोन तासांत दहा-अकरा वेळा उठते, दारापर्यंत येते, आईच्या गुडघ्याला हात लावते आणि परत आत जाते. अजून एक आठवडा बाकी आहे. काल वर्गाच्या बाई म्हणाल्या, बाक दोन हात मागे घेऊन बघा. सूनबाईने घेतला.